वकिलाची सनद आणि कोर्टाच्या भिंतीवरची यादी

सनद म्हटली की आम्हां तळेगावकरांना आधी दाभाडे सेनापती आठवतात. १७१७ साली शाहू महाराजांनी खंडेराव दाभाड्यांना सेनापतिपद दिले, तेव्हापासून सनद, इनाम, वतन हे शब्द आमच्या गावच्या बोलण्यात मुरलेले आहेत. वकील हा शब्दही तेव्हाचाच, पण अर्थ निराळा. मराठेशाहीतला वकील म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला माणूस. तो कुणाच्या वतीने बोलतो, हे त्याच्याजवळच्या पत्रावरून कळे.

मग इंग्रजी अमल आला. बंगालमध्ये १७९३ च्या कायद्याने आणि आपल्या मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या कायदेसंग्रहाने कोर्टात उभे राहणाऱ्या वकिलालाही सनद लागू झाली. सरकारच्या दप्तरी त्याचे नाव चढले. पण ज्याला त्या नावाची गरज, तो कुळकर्ण्याच्या ओटीवर बसलेला शेतकरी! त्याला ते दप्तर कोण दाखवणार? पुढे तर वकिलांचे इतके प्रकार झाले, की शहाणासुरता माणूसही गोंधळावा. ॲडव्होकेट, वकील, प्लीडर, मुखत्यार, शिवाय मुंबईचे सॉलिसिटर. कोण कुठल्या कोर्टात बोलू शकतो, हे पक्षकाराला उमगत नसे.

या गोंधळावर पोट भरणारी एक जात निर्माण झाली, ती म्हणजे कोर्टाचे दलाल. गाडीतून उतरताच 'कशाची तारीख, काका?' म्हणून गोड विचारायचे, एखाद्या वकिलाकडे न्यायचे आणि मधली दलाली खायची. १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स ॲक्टात १८९६ साली यावर कलम घातले गेले. हायकोर्ट, जिल्हा न्यायाधीश, कलेक्टर यांनी अशा दलालांची यादी करावी. नाव घालण्यापूर्वी त्या माणसाचे म्हणणे ऐकावे. मग ती यादी कोर्टात टांगून ठेवावी. यादीतला इसम पुन्हा दलाली करताना सापडला, तर तीन महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड.

कल्पना चांगलीच होती. पण गंमत पाहा! १९०१ च्या शिरगणतीत या देशात शंभरात जेमतेम पाच माणसे साक्षर होती. म्हणजे यादी भिंतीवर, आणि ज्याच्यासाठी टांगली तो तिच्याखालून दलालाचाच हात धरून जाणार. आणखी एक, कुणापासून दूर राहावे हे भिंतीने सांगितले, पण कुणाकडे जावे हे सांगितले नाही. मला हा त्या कायद्यातला मोठाच दोष वाटतो.

स्वराज्यात १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट आला आणि ती वर्गवारी हळूहळू मोडली. मुंबईचे ॲटर्नी तेवढे १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत टिकून होते. आता प्रत्येक राज्याच्या बार कौन्सिलने वकिलांचा पट ठेवायचा असतो. आपल्याकडे ती महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल. सनदेवर आधी 'महाराष्ट्र' सुचवणारी तीन इंग्रजी अक्षरे, मग क्रमांक, मग वर्ष. पटावर नाव नसताना वकिली केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. २०२३ च्या दुरुस्ती कायद्याने जुना १८७९ चा कायदा रद्द ठरवला, पण दलालांच्या यादीचे कलम मात्र १९६१ च्या कायद्यात आणून बसवले गेले. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने वकिलांच्या पदव्या तपासण्यासाठी न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांची समिती नेमली आणि विद्यापीठांनी ही तपासणी फी न घेता करावी, असे बजावले. खोट्या पदव्यांची शंका इतक्या वरपर्यंत पोचली होती.

आमच्या मावळात जमिनी कारखान्यांसाठी गेल्या, मोबदल्याचे दावे वाढले, आणि वडगावच्या कोर्टात कधी पाऊल न टाकलेल्या घरांनाही वकील शोधावा लागला. माझ्या शेजारच्या एका शेतकऱ्याने काळा कोट पाहून एका इसमाला पैसे दिले. दोन वर्षे 'तारीख पडली' एवढेच ऐकले. दावा दाखलच झाला नव्हता. सनदेचा क्रमांक का नाही विचारलात, असे मी म्हटले, तर ते म्हणाले, "मास्तर, वकिलाला असं विचारायचं कसं? राग नाही का यायचा त्यांना?"

त्यांचा मुलगा दहावीत होता. बार कौन्सिलला चौकशीचे पत्र त्यानेच लिहिले, मी फक्त शुद्धलेखन पाहिले. त्या नावाचा वकील पटावर नाही, असे उत्तर आले. ते पत्र घेऊन बापलेक नव्या वकिलाकडे गेले, आणि बसण्याआधी मुलाने सनदेचा क्रमांक विचारून वहीत उतरवून घेतला. वकीलसाहेबांना राग आला नाही.