अंगुलच्या हाप्यातले तीन दिवस

तारीख १० जुलै १९५७. ओरिसातल्या अंगुल इथल्या मत्स्यकेंद्रात तुम्ही तळ्याच्या काठाला पाण्यात उतरला आहात. समोर बांबूंना ताणून बांधलेली कापडाची चौकोनी पेटी पाण्यात बुडवलेली आहे. या कामातले लोक तिला हापा म्हणतात. तिच्यात पोट फुगलेली माशाची मादी आहे आणि जोडीला नर. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी त्यांना टोचणी दिली आहे. आता वाट पाहायची.

वाट कशाची, ते समजायला काही वर्षे मागे, गंगेच्या काठावर चला. रोहू, कटला, मृगळ हे कार्प मासे तळ्यात भराभर वाढतात, त्यांच्या पोटात अंडीही धरतात, पण ते ती तळ्यात घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातला पूर लागतो, काठावर पसरलेले उथळ वाहते पाणी लागते. म्हणून माणसे पुराच्या दिवसांत नदीत बारीक जाळी लावतात, वाहून आलेली पिल्ले गोळा करतात, मडक्यांत भरतात आणि आगगाडीने दूरदूर पाठवतात. मडक्यातले पाणी हाताने हलवत राहावे लागते, नाहीतर पिल्ले गुदमरतात. इतके करूनही मडक्यात नेमके काय आहे ते कुणाला सांगता येत नाही. रोहूच्या पिल्लांत त्यांनाच खाणाऱ्या माशांची पिल्लेही असतात.

परत अंगुलला या. टोचणीत आहे दुसऱ्या माशाच्या मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी. ती इवलीशी ग्रंथी काढून वाटतात आणि तिचा अर्क टोचतात. पूर आला की माशाच्या शरीरात जो निरोप फिरतो, तो या अर्कातून थेट रक्तात पोचतो. असा प्रयोग १९३०च्या दशकात ब्राझीलमध्ये झाला होता. आपल्या कार्प माशांवर तो आज यशस्वी होतो आहे.

हाप्यात खळबळ उडते. नर मादीला ढुशा देत तिच्याभोवती घुमतात आणि पाण्यात अंडी सुटतात. रोहूच्या मादीत वजनाच्या किलोमागे दोन लाखांहून अधिक अंडी असतात. एक अंडे भिंगाखाली धरा. त्याच्या कवचाला एकच सूक्ष्म छिद्र आहे आणि शुक्रपेशीला त्यातूनच आत जायचे आहे. पाण्यात पडल्यावर शुक्रपेशी पोहू शकते ती मिनिटभरच. तेवढ्यात जुळले तर जुळले. मग अंडे पाणी शोषून दुपटीहून मोठे फुगते आणि आतला गोळा पारदर्शक पोकळीत तरंगू लागतो.

आता घड्याळाकडे पाहायचे सोडा, अंड्याकडे पाहा. तासाभरात बलकाच्या माथ्यावरची टोपी दुभंगते, मग तिचे चार भाग होतात, मग आठ. पेशींची ती चादर बलकावरून खाली उतरत त्याला वेढून टाकते. रात्र सरत येते तसा बलकाभोवती एक वाकडा देह उमटतो. एका टोकाला डोळ्यांच्या वाट्या, दुसऱ्या टोकाला सुटू पाहणारी शेपटी. ती शेपटी झटका देते, थांबते, पुन्हा झटका देते. अंड्यातूनच पाझरलेल्या विकराने कवच मऊ होते आणि चौदा ते अठरा तासांत पिल्लू बाहेर येते.

जेमतेम पाच मिलिमीटर लांबीचा हा जीव अजून मासा झालेला नाही. तोंड उघडलेले नाही. आतडे नुसती बंद नळी. कल्ले कामाला लागलेले नाहीत, श्वास कातडीतून चालला आहे. पोटाखाली बलकाची पिशवी, पुढे फुगीर, मागे निमुळती. हीच त्याची शिदोरी. ते वर उसळते, दमते, खाली जाते.

तीन दिवस इथेच थांबा. डोळ्यांत काळा रंग भरतो. कल्ले तयार होतात. वाताशयात हवा भरते आणि वरखाली उसळणारे पिल्लू पाण्यात आडवे होऊन पोहू लागते. बलक आटत जातो. तोंड उघडते. याच अवस्थेतल्या पिल्लांना मत्स्यजिरे म्हणतात, कारण ती खरोखर जिऱ्याएवढी असतात.

इथे जरा १९१४च्या नॉर्वेत डोकावून या. मत्स्यशास्त्रज्ञ योहान यॉर्ट माशांच्या खवल्यांवरची वर्तुळे मोजून त्यांचे वय काढतो आहे. १९०४ साली जन्मलेली हेरिंग माशांची एकच पिढी पुढे कित्येक वर्षे जाळ्यांत भरभरून येत राहिली, हे त्याने पाहिले आहे. असे का व्हावे? त्याचे म्हणणे असे की, बलक संपताना आसपास योग्य खाद्य असेल तर पिढी तरते, नसेल तर कोट्यवधी पिल्ले थोड्या दिवसांत मरतात. शिकारी, प्रवाह, तापमान यांचाही वाटा मोठा असतो, हे पुढच्या संशोधनाने दाखवले. तरी त्याने बोट ठेवले ती जागा आजही तितकीच नाजूक आहे.

अंगुलच्या हाप्यातही तोच प्रश्न आहे. अंडी मिळाली, पिल्ले निघाली, आता त्यांच्या तोंडात पहिला घास कोण घालणार? तो घास म्हणजे रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव आणि बारीक पाणपिसवा. शेण घालून तयार केलेल्या संगोपन तळ्यात ते आपोआप वाढतात. त्याआधी तळ्यातले शिकारी मासे काढावे लागतात. मोहाच्या पेंडीने ते मरतात. पाठीवर पोहणारे पाणकिडे आणि चतुराची पिल्लेही हटवावी लागतात, कारण त्यांना मत्स्यजिरे म्हणजे मेजवानी. हे सारे जमले तर पंधरवड्यात जिऱ्याची दोन-अडीच सेंटिमीटरची पिल्ले होतात आणि पुढे बोटुकली.

आता यंदाच्या जुलैत या. १० जुलै हा देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. तुम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या एका माजी मालगुजारी तलावाच्या बांधावर आहात. ढिवर मासेमारांच्या संस्थेने मागवलेले मत्स्यबीज प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून आले आहे. नदीवर मडके घेऊन बसण्याचे दिवस अंगुलच्या त्या हाप्यामुळे संपले. पण पिल्लाचे शरीर जसे होते तसेच आहे. त्याला पाण्यातला एकदम बदल सोसत नाही आणि उपास सोसत नाही. म्हणून पिशवी आधी तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या, मग थोडे थोडे तलावाचे पाणी आत घ्या आणि पिल्लांना आपणहून बाहेर पडू द्या. टोचणीने माणसाला अंडी मिळवून दिली. त्यांचे मासे होतात ते अशा सांभाळाने, आणि या तलावावर जगणाऱ्या घरांची वर्षभराची मिळकत त्यावरच ठरते.