खारूनचे पाणी आणि शुद्धतेचे माप

रायपूर हे मूळचे तलावांचे गाव. बुढा तलाव, महाराजबंध, तेलीबांधा ही नावे आजही तेथील वस्त्यांची ओळख सांगतात. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आणि त्यानंतरही तळ्याविहिरींनीच या शहराची तहान भागविली. १८९२ साली राजनांदगावचे राजे बलरामदास यांच्या नावाचे जलकेंद्र सुरू झाले आणि खारून नदीचे पाणी नळाने शहरात आले. परंतु नळापाठोपाठ मोरी येतेच. शहरात आलेले पाणी मळून अखेर नदीकडेच परतते. खारून शिवनाथेला मिळते, शिवनाथ महानदीला. एका गावाचे सांडपाणी ते खालच्या गावाचे पाणी, हा नदीकाठचा जुना व्यवहार आहे.

मग सांडपाणी शुद्ध झाले, हे ठरवावयाचे कशावरून? ब्रिटनमधील शाही आयोगाने १९१२ साली याचे एक माप घालून दिले. पाण्यातील घाण पाच दिवसांत किती प्राणवायू खाते, ते मोजावे. दहा लक्ष भागांत तो वीस भागांहून अधिक नसावा. दोनच वर्षांनी, १९१४ मध्ये, मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी ते माप गाठण्याचा मार्ग दाखविला. मैलापाण्यात हवा खेळवावी, गाळातील जंतू पोसावेत आणि त्यांच्याकडूनच घाण फस्त करवावी. या कामी त्यांना मार्गदर्शन करणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. जगातील असंख्य शुद्धीकरण केंद्रे आजही याच तत्त्वावर चालतात.

हे माप खोटे नव्हते, अपुरे होते. त्याची साक्ष दिली माशांनी. शुद्धीकरण केंद्रांच्या खालच्या अंगास ब्रिटनच्या नद्यांत रोच जातीच्या अनेक नरांच्या पोटी अंडी तयार होत असल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. सोडलेल्या पाण्यात स्त्रीसंप्रेरके, म्हणजे हॉर्मोन्स, आढळली. काही माणसाच्या शरीरातील नैसर्गिक, तर काही १९६० नंतर प्रचारात आलेल्या संततिनियमनाच्या गोळ्यांतील कृत्रिम. शरीर ही द्रव्ये निष्क्रिय करून मूत्रावाटे टाकते. गटारातील जंतू त्यांचे बंध तोडतात आणि ती पुन्हा जागी होतात. शुद्धीकरणात त्यांचा बराच भाग नाहीसा होतो, सर्व नव्हे.

उरलेला भाग नगण्य मानावा काय? कॅनडातील शास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात एका लहान सरोवरात गोळीतील कृत्रिम संप्रेरक मुद्दाम मिसळले. प्रमाण दर लिटरला पाचसहा नॅनोग्रॅम, आणि नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा अंश. एवढ्याने तेथील एका लहान माशाची जात जवळजवळ नामशेष झाली. ते पाणी दिसण्यात निर्मळच होते आणि प्राणवायूच्या कसोटीला या द्रव्याचा पत्ताही लागला नसता.

आता पुन्हा खारूनकडे वळू. चंदनीडीह, निमोरा आणि कारा येथे रायपूरची मोठी शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेने अशा केंद्रांसाठी चार गोष्टी मोजावयास सांगितल्या: आम्लता, प्राणवायूची मागणी, तरंगता गाळ आणि मैल्यातील जंतू. संप्रेरकांचे नाव त्यांत नाही. स्वित्झर्लंडने २०१६ पासून मोठ्या केंद्रांत ओझोन किंवा सक्रिय कोळशाची आणखी एक पायरी बांधण्यास आरंभ केला. ती खर्चाची आहे. प्रत्येक शहराला उद्याच परवडेल, असे नाही. पण मोजणी त्याआधी करता येते.

१९१२ च्या पिढीने जे दिसले, त्याचे माप केले. कॅनडातील त्या सरोवरात द्रव्य मिसळणे थांबल्यावर काही वर्षांत मासे परत आले. नदीलाही क्षमा करता येते. मात्र आपण तिला काय देतो, हे आधी माणसाने विचारले पाहिजे.