थंड डोंगरावरची बाग: मोजक्या दिवसांत पीक कसं निघतं?

जयसिंगपूरच्या आसपास आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. काळी जमीन, कृष्णेचं पाणी आणि भरपूर ऊन असल्यावर पिकाला दिवस कमी पडतील, ही चिंता इथल्या शेतकऱ्याला सहसा नसते. घरामागच्या परसातही मेथी काढली की कोथिंबीर, कोथिंबीर संपली की वांगी असं चक्र चालू राहतं.

आता याच्या उलट चित्र बघा. लेहमध्ये मोकळ्या रानात भाजी पिकवायला वर्षातून जेमतेम चार-पाच महिने मिळतात. कॅनडातल्या अनेक शहरांत तर साडेतीन-चार महिनेच. आणि जयसिंगपुरापासून गाडीने चारेक तासांवर असलेल्या महाबळेश्वरातही स्ट्रॉबेरीवाल्याला ठरावीक महिन्यांतच सगळं उरकावं लागतं.

तरीही या सगळ्या ठिकाणी पीक निघतं, आणि चांगलं निघतं. ते कसं? सैन्यात असलेला मुलगा लडाखमध्ये, भाऊ कॅनडात किंवा स्वतःची छोटी जागा पाचगणीत, असं काही असेल तर हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा राहत नाही.

उंची वाढली की नेमकं काय बदलतं?

साधारण हिशोब असा की दर हजार मीटर उंचीला हवेचं तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. जयसिंगपूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. म्हणजे नुसत्या उंचीमुळेच पाचेक अंशांचा फरक पडतो. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे हा फरक वीस अंशांच्या घरात जातो, आणि उत्तरेकडचा कडक हिवाळा त्यात आणखी भर घालतो.

पण थंडी म्हणजे फक्त अंगाला बोचणारी हवा नाही. झाडाच्या दृष्टीने तिचे तीन परिणाम महत्त्वाचे. एक, माती गार राहते, त्यामुळे बी उशिरा रुजतं किंवा जमिनीतच कुजतं. दोन, वाढ मंदावते. जे पीक सपाटीवर साठ दिवसांत येतं, त्याला तिथे जास्त दिवस लागतात. आणि तीन, पारा शून्याजवळ गेला की पानातलं पाणी गोठतं, पेशी फुटतात आणि कोवळं झाड एका रात्रीत काळं पडतं.

म्हणून थंड डोंगराळ भागात बागेचा पहिला प्रश्न ‘काय लावू?’ हा नसतो. ‘माझ्याकडे दिवस किती आहेत, आणि बाकीचे दिवस कशामुळे जातात?’ हा असतो. कारण प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं असतं.

महाबळेश्वर: इथे दिवस पाऊस खातो

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात उघड्यावर नाजूक पीक टिकत नाही. पुढे एप्रिल-मेमध्ये ऊन तापलं की स्ट्रॉबेरीचं फळ बारीक आणि मऊ पडू लागतं. म्हणजे एका टोकाला पाऊस, दुसऱ्या टोकाला ऊन आणि मधल्या थंडीच्या दिवसांत सगळा खेळ.

या डोंगरावर परदेशी भाज्या पिकवण्याचा इतिहास जुना आहे. १८२८ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी इथे थंड हवेचं ठिकाण वसवलं. पुढे इथल्या तुरुंगात आणलेले चिनी कैदी बटाटे आणि इतर भाज्यांचे मळे करत. आजचा ‘चायनामन फॉल्स’ हा धबधबा त्यांच्याच मळ्यांमुळे ओळखला जाऊ लागला. स्ट्रॉबेरीही इंग्रजांच्या काळातच इथे रुजली. २०१० मध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं.

या मोजक्या महिन्यांत पीक बसवायचं कसं, याचं उत्तर स्ट्रॉबेरीच्या स्वभावातच आहे. दिवस मोठा आणि हवा उबदार असली की झाड फुलण्याऐवजी जमिनीवरून लांब दांडे सोडतं. शेतकरी त्याला ‘रनर’ म्हणतात. प्रत्येक रनरला नवं रोप फुटतं. दिवस लहान आणि रात्री गार झाल्या की हेच झाड फुलांवर येतं.

शेतकऱ्यांनी हा स्वभाव ओळखून कामाचे दोन भाग केले. परदेशातून आणलेली मातृरोपं पावसाळ्यात डोंगरावर न लावता खाली वाई परिसरातल्या रोपवाटिकांत वाढवली जातात. वाईला पाऊस महाबळेश्वरपेक्षा कितीतरी कमी. तिथे पावसाळाभर एका रोपाची अनेक रोपं होतात. मग पाऊस ओसरला आणि जमिनीला वाफसा आला की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ही तयार रोपं पसरणीचा घाट चढून वर येतात आणि गादीवाफ्यांवर लागतात. साधारण दीड-दोन महिन्यांत पहिलं फळ हाती येतं आणि तोडे उन्हाळ्यापर्यंत चालतात.

यातली मुख्य गोष्ट अशी की झाडाच्या आयुष्याचे पहिले काही महिने डोंगरावर खर्चच होत नाहीत. ते खाली निघून जातात आणि डोंगरावरचा प्रत्येक गार दिवस फळासाठी वापरला जातो.

धोका मात्र इथेच आहे. परतीचा पाऊस लांबला की लागण लांबते. हंगामाच्या सुरुवातीला गेलेला आठवडा शेवटी भरून काढता येत नाही, कारण तिथे ऊन वाट बघत असतं. शिवाय बाजारात माल कमी असतानाचं पहिलं फळ चांगल्या भावाने जातं, आणि उशीर झाला तर फटका नेमका त्यालाच बसतो. रोपं, मल्चिंग पेपर, ठिबक आणि मजुरी हा खर्च फळ दिसण्याआधीच होऊन गेलेला असतो.

वेण्णा लेकजवळच हिमकण का दिसतात?

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत ‘महाबळेश्वरात दवबिंदू गोठले’ अशी बातमी येते. फोटो बहुतेक वेळा वेण्णा लेक परिसराचा असतो. गंमत म्हणजे त्याच पहाटे महाबळेश्वर शहरातलं तापमान शून्याच्या बरंच वर असू शकतं. मग बर्फ आला कुठून?

आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमीन रात्रभर आपली उष्णता वर सोडत राहते. जमिनीलगतची हवा सगळ्यात आधी गार होते. गार हवा जड असते, म्हणून ती पाण्यासारखी उताराने वाहते आणि खोलगट जागेत साचते. त्यामुळे तळ्याकाठच्या सखल भागात पारा शहरापेक्षा कितीतरी खाली जातो.

बागेसाठी यातून सरळ धडा मिळतो. डोंगरात वाफे सगळ्यात खोलगट जागी नकोत. उताराच्या मधला भाग बरा. उताराच्या खालच्या बाजूला भरीव कुंपण घालू नये, नाहीतर गार हवा तिथेच अडून बसते. भारतात दक्षिणेकडे तोंड असलेला उतार जास्त ऊन घेतो, त्यामुळे तिथली माती लवकर तापते.

हिम पडायची शक्यता असेल, तर संध्याकाळी ऊन उतरायच्या आधी झाडांवर कापड किंवा बारदान टाकावं. जमिनीतून निघणारी ऊब त्याखाली अडकते. कापड जमिनीपर्यंत टेकलेलं हवं आणि सकाळी काढायला हवं. माती ओलसर असेल तर आणखी बरं, कारण ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. निफाडच्या पट्ट्यात कडाका वाढला की द्राक्षबागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात, बागेला पाणी देतात, त्यामागेही उष्णतेचाच हिशोब आहे.

लेह: इथे थंडी आणि पाणी दोन्ही आडवे येतात

लेहमध्ये पाऊस वर्षाला साधारण शंभर मिलिमीटर. महाबळेश्वरात पावसाळ्यातल्या एका दिवसात त्याहून जास्त पडू शकतो. शेती चालते ती वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यावर. पण अडचण अशी की पेरणीला पाणी एप्रिल-मेमध्ये लागतं आणि उंचावरचा बर्फ जोरात वितळतो त्यानंतर. म्हणजे आधीच छोट्या हंगामाची सुरुवात पाण्यावाचून अडते.

यावर सोनम वांगचुक यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात ‘आइस स्तूपा’चा प्रयोग केला. हिवाळ्यात वाया जाणारं ओढ्याचं पाणी पाइपने आणून कारंज्यासारखं उडवायचं. ते गोठून शंकूच्या आकाराचा बर्फाचा ढीग तयार होतो. शंकूला उन्हाकडे असलेला पृष्ठभाग कमी असतो, म्हणून तो हळू वितळतो आणि वसंतात पेरणीच्या वेळी पाणी मिळतं.

थंडीवरचा उपाय वेगळा. लेहमध्ये डीआरडीओची उंच प्रदेशातल्या शेतीवर काम करणारी प्रयोगशाळा १९६० च्या दशकापासून आहे. सीमेवरच्या जवानांना ताजी भाजी मिळावी, ही त्यामागची एक मोठी गरज. तिथल्या सोप्या पद्धतींपैकी एक म्हणजे चर. सुमारे तीन फूट खोल चर खणायचा, त्यात भाजी लावायची आणि वरून प्लास्टिक अंथरायचं. खालची जमीन वरच्या हवेइतकी गार होत नाही, त्यामुळे पालेभाजी तग धरते. दुसरी पद्धत म्हणजे सौर हरितगृह: तीन बाजूंना मातीच्या जाड भिंती आणि दक्षिणेला प्लास्टिक. दिवसा भिंती तापतात, रात्री तीच ऊब आत सोडतात. त्यात इंधन जाळावं लागत नाही.

शिरोळ तालुक्यात पॉलिहाऊस अनोळखी नाही. गुलाब, जरबेरा, ढोबळी मिरची तिथे पिकते. पण आपल्याकडे पॉलिहाऊसचं काम कडक ऊन आणि पाऊस अडवणं, तर लेहमध्ये ऊब धरून ठेवणं. म्हणून इकडचा आराखडा तिकडे जसाच्या तसा चालत नाही.

दिवस मोजायचे कसे?

थंड प्रदेशातले बागकाम करणारे दोन तारखा लक्षात ठेवतात: वसंतातलं शेवटचं हिम साधारण कधी पडतं, आणि शरदातलं पहिलं हिम कधी. मधले दिवस म्हणजे हंगाम. कॅनडात बरेच जण मे महिन्याच्या उत्तरार्धातल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीपर्यंत नाजूक रोपं बाहेर लावत नाहीत.

समजा, शेवटचं हिम २५ मेच्या सुमारास आणि पहिलं १५ सप्टेंबरच्या सुमारास पडतं. हाती उरले ११३ दिवस. आता टोमॅटो लावायचा आहे. लागणीपासून ९० दिवस घेणारी गरवी जात १ जूनला लावली, तर पहिलं फळ ऑगस्टच्या शेवटी येणार आणि तोड्याला जेमतेम दोन आठवडे मिळणार. त्याऐवजी ६० दिवसांची हळवी जात लावली, तर जुलैअखेरपासून दीड महिना टोमॅटो मिळतील. थंडीने वाढ मंदावते, म्हणून पाकिटावरच्या दिवसांत आठ-दहा दिवस जास्तच धरावेत.

रोपं मात्र एप्रिलच्या सुरुवातीलाच घरात, खिडकीशी ट्रेमध्ये तयार करायला हवीत. वाईच्या रोपवाटिकेचंच हे घरगुती रूप. ही रोपं एकदम बाहेर नेली तर कोमेजतात. आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून ती काटक करावी लागतात.

काय लावावं, काय टाळावं?

मुळा, मेथी, पालक, कोथिंबीर, मटार, गाजर, कोबी या पिकांना गारवा मानवतो. मुळा आणि मेथी महिनाभरात हाती येतात, त्यामुळे छोट्या हंगामातही दोन-तीन वेळा घेता येतात. गाजर आणि कोबी थंडीत गोड होतात, कारण गोठण्यापासून वाचण्यासाठी झाड पेशींत साखर वाढवतं.

भेंडी, गवार, दोडका, वांगी ही उष्णतेची पिकं. मोकळ्या वाफ्यात ती जीव धरून बसतात, पण वाढत नाहीत. ती घ्यायचीच असतील तर कुंडीत, प्लास्टिकच्या आडोशाला आणि भिंतीच्या उबेला घ्यावीत.

सपाटीवरून गेलेल्यांच्या हमखास होणाऱ्या चुका

पहिले दोन-चार दिवस ऊन पडलं की पेरणी उरकणं. हवा तापली तरी माती गार असू शकते, म्हणून मातीला हात लावून बघावं. काळा मल्चिंग पेपर आठ-दहा दिवस आधी अंथरला तर वाफा लवकर तापतो.

वसंतातच जाड आच्छादन घालणं. उसाचं पाचट आपल्याकडे ओल धरतं आणि माती गार ठेवतं. थंड प्रदेशात नेमकं तेच नको असतं. तिथे असं आच्छादन माती तापल्यावर किंवा हिवाळ्याच्या तोंडावर घालावं.

प्लास्टिक झाकून विसरून जाणं. डोंगरावर ऊन प्रखर असतं. बंद बोगद्यात दुपारी झाडं अक्षरशः शिजतात. सकाळी उघडायचं आणि दुपार ढळली की झाकायचं, हे रोजचं काम आहे.

आणि शेवटची चूक म्हणजे नोंद न ठेवणं. हवामान खात्याचा आकडा शहराचा असतो, वाफ्याचा नाही. वेण्णा लेकच्या उदाहरणातून हेच दिसतं. पहिलं हिम कधी पडलं, कोणत्या कोपऱ्यात पडलं, कोणतं पीक किती दिवसांत आलं, हे एका वहीत लिहीत गेलं की दोन-तीन वर्षांत त्या जागेचा नेमका हंगाम कळतो. पुढच्या वर्षी बियाणं घेण्याआधी ही वही उघडून दिवस मोजावेत.