द इनर लाइट

‘द बीटल्स’ या इंग्लिश रॉक वृंदाचे एक गीत. शब्दयोजना आणि संगीत जॉर्ज हॅरिसन (१९४३–२००१) यांचे. वाद्यसंगीताचे ध्वनिमुद्रण मुंबईत जानेवारी १९६८ मध्ये, गायन लंडनमध्ये फेब्रुवारी १९६८ मध्ये. १५ मार्च १९६८ रोजी पार्लोफोन कंपनीने ते ‘लेडी मॅडोना’ या सिंगलच्या मागच्या बाजूला प्रसिद्ध केले. लांबी अडीच मिनिटांहून थोडी जास्त. बीटल्सच्या सिंगलवर आलेली हॅरिसन यांची ही पहिली रचना. वृंदाची बहुतेक सगळी स्टुडिओ-मुद्रणे लंडनची आहेत. १९६४ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये झालेले थोडे काम आणि मुंबईतले हे गाणे, हे त्याला ठळक अपवाद.

रॉकच्या इतिहासात हे गाणे बहुधा एका ओळीत उरकले जाते: हॅरिसन यांचा भारतीय नाद, त्याचे शेवटचे उदाहरण. त्यात खोटे काही नाही. पण गाणे घडले कुठे आणि वाजवले कुणी, हे त्या ओळीत मावत नाही. गाण्यात गिटार नाही, ड्रम नाहीत, बास नाही. बीटल्सपैकी एकाचेही वाद्य त्यात वाजत नाही. वाजतात ती सरोद, सनई, बासरी, पखवाज आणि पेटी, तीही फोर्टातल्या एका कचेऱ्यांच्या इमारतीत.

हॅरिसन मुंबईला आले होते ते वेगळ्याच कामासाठी. जो मॅसो या दिग्दर्शकाच्या ‘वंडरवॉल’ चित्रपटाचे संगीत त्यांच्याकडे होते. मॅसो यांनी त्यांना पूर्ण मोकळीक दिली होती. हॅरिसन यांनी स्टॉपवॉच हातात धरून प्रसंगांची लांबी मोजली आणि त्या मापाचे तुकडे रचायचे ठरवले. पाश्चात्त्य वाद्यांचे काही काम लंडनमध्ये आधीच झाले होते. भारतीय तुकड्यांसाठी ७ जानेवारीच्या सुमारास ते मुंबईत दाखल झाले. शहर त्यांना नवे नव्हते. सप्टेंबर १९६६ मध्ये पत्नी पॅटी बॉइड यांच्यासह ते ताजमहाल हॉटेलात खोट्या नावाने उतरले होते. पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्याचा तो बेत फार दिवस गुप्त राहिला नाही. बातमी फुटली, चाहते हॉटेलखाली जमले आणि शेवटी पत्रकार परिषद घ्यावी लागली. त्या वेळी रविशंकर यांचे शिष्य शंभू दास यांनी त्यांना रियाज करवला होता. १९६८ मध्येही ते मदतीला होते.

ध्वनिमुद्रण झाले एचएमव्हीच्या स्टुडिओत, म्हणजे फोर्टमधल्या फिरोजशाह मेहता मार्गावरच्या युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीत. मराठी रसिकाला या कंपनीची ओळख करून द्यायला नको. मराठी भावगीताची सुरुवात ज्या गाण्यापासून मानतात, ते ना. घ. देशपांडे यांचे ‘रानारानात गेली बाई शीळ’ गाणारे जी. एन. जोशी पुढे याच कंपनीत ध्वनिमुद्रणाची जबाबदारी सांभाळत होते. शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काब्रा आणि हरिप्रसाद चौरसिया यांची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही गाजलेली रेकॉर्ड जोशी यांच्याच देखरेखीखाली झाली. ती १९६७ मध्ये निघाली. वादक आले, बसले, तोंडी चाल ऐकली आणि दोन-चार टेकमध्ये मोकळे झाले, ही मुंबईच्या स्टुडिओंची रोजची रीत होती. हॅरिसन यांना ती फार मानवली. लंडनमध्ये तेव्हा बीटल्स एकेका गाण्यावर दिवसचे दिवस घालवत होते.

यंत्रांची बाजू मात्र लंगडी. लंडनला चार ट्रॅकवर काम चालत असे. मुंबईत फक्त मोनो यंत्र होते. तेव्हा ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचे, म्हणजेच एचएमव्हीचे, प्रमुख भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचे स्टिरिओ यंत्र आगगाडीने मुंबईला आणले. सुमारे दोन हजार किलोमीटरचा प्रवास, तोही खुद्द कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने यंत्राच्या सोबतीने केलेला. (हेच मेनन १९७१ मध्ये अमेरिकेत कॅपिटॉल रेकॉर्ड्सचे प्रमुख झाले आणि ‘पिंक फ्लॉइड’ची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ तिकडे घरोघरी पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. रॉकच्या धंद्याला त्यांच्याइतका जवळून हात लावलेला दुसरा भारतीय सापडणे कठीण.)

स्टुडिओत बाहेरचा आवाजही पुरता अडत नसे. रस्त्यावरच्या टॅक्सींचे आवाज ‘वंडरवॉल’च्या काही तुकड्यांत कान देऊन ऐकल्यास सापडतात, असे हॅरिसन यांनीच नंतर सांगितले. संध्याकाळी साडेपाचला इमारतीतली ऑफिसे सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्या कारकुनांच्या पावलांचा धडधडाट सुरू होई आणि मुद्रण थांबवावे लागे. चर्चगेटची गाडी गाठण्याची ती घाई जगातल्या सर्वांत लोकप्रिय वृंदाच्या कामाचे वेळापत्रक ठरवत होती, ही गोष्ट मुंबईकराला विशेष वाटणार नाही.

चित्रपटाचे काम आटोपत आल्यावर वेळ उरला. तेव्हा हॅरिसन यांनी पुढेमागे गाण्यांसाठी उपयोगी पडतील असे काही तुकडे मुद्रित करून घेतले. त्यातला एक म्हणजे ‘द इनर लाइट’चे वाद्यसंगीत. त्याची तारीख काही नोंदींत १२ जानेवारी, काहींत १३ जानेवारी अशी मिळते.

शब्दांची कहाणी आणखी लांबची. १९६७ च्या शरद ऋतूत हॅरिसन आणि जॉन लेनन डेव्हिड फ्रॉस्ट यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ध्यानधारणेबद्दल बोलले. पाहुण्यांत केंब्रिजचे संस्कृतचे अध्यापक हुआन मास्कारो होते. मूळचे मायोर्काचे. गीतेचा आणि निवडक उपनिषदांचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद पेंग्विनने काढला होता. त्यांनी हॅरिसन यांना पत्र लिहून ‘विदिन यू विदाउट यू’ या गाण्याचे कौतुक केले, ‘लॅम्प्स ऑफ फायर’ हे स्वतः संकलित केलेले पुस्तक पाठवले आणि त्यातल्या ‘ताओ ते चिंग’च्या एका प्रकरणाला चाल लावून पाहा, असे सुचवले. ते ४७ वे प्रकरण. आशय थोडक्यात असा: घराबाहेर न पडता जग जाणता येते, खिडकीतून न डोकावता आकाशाची रीत कळते, आणि माणूस जितका दूर भटकतो तितके त्याचे ज्ञान कमी. हॅरिसन यांनी शब्दांना फारसा हात लावला नाही. तेच कडवे एकदा ‘मी’ आणि एकदा ‘तू’ धरून फिरवून म्हटले, एवढेच.

मराठी वाचकाला या विचारात परके काही वाटू नये. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले, आणि नामदेवांनी हटकल्यावर देव नाही अशी जागा दाखव, तिथे पाय ठेवतो, असे त्यांनी सुनावले, ही आख्यायिका नरसी-औंढ्याच्या टापूत पोरासोरांनाही ठाऊक असते. देवासाठी पंढरपूरपर्यंत धावणाऱ्या नामदेवांना जे ऐकावे लागले, ते ‘ताओ ते चिंग’च्या त्या प्रकरणापासून फार लांब नाही. हॅरिसन यांना ही गोष्ट माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यांनी ते शब्द चीनहून केंब्रिजमार्गे घेतले आणि सूर मुंबईत शोधले.

सूर कसे बसवले आहेत, ते ऐकण्यासारखे आहे. सुरुवातीला क्षणभर स्वर धरला जातो आणि लगेच पखवाजासह ठेका उडतो. सरोद एक वाक्य बोलते, सनया त्याला उत्तर देतात. मग सगळा गलबला एकदम खाली बसतो आणि पेटी-बासरीच्या पातळ साथीवर कडवे येते. पुन्हा ठेका, पुन्हा विसावा. हॅरिसन यांची आधीची दोन भारतीय वळणाची गाणी, ‘लव्ह यू टू’ (१९६६) आणि ‘विदिन यू विदाउट यू’ (१९६७), तंबोऱ्यावर आणि लांबलचक स्वरांवर तोललेली होती. लंडनमधल्या भारतीय वादकांनी ती वाजवली होती. ‘द इनर लाइट’ त्या मानाने सुटसुटीत आहे. त्यात रागाचा विस्तार नाही आणि सतारीची चमकही नाही. आटोपशीर मुखडा-अंतऱ्याची सवय असलेल्या वादकांच्या हातून ते गेले आहे, हे जाणवते. पॉल मॅकार्टनी यांनी तर भारतीय संगीत बाजूला ठेवून नुसती चाल ऐका, अशा अर्थाचे उद्गार काढून तिची वाखाणणी केली. शिफारस चांगली, पण बाजूला ठेवायला जे सांगितले त्यावरच ही चाल उभी आहे.

६ फेब्रुवारीला लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत गायनाची वेळ आली तेव्हा हॅरिसन कचरले. पट्टी उंच होती. आपल्याला झेपणार नाही, असे त्यांना वाटत होते. लेनन आणि मॅकार्टनी यांनी धीर दिला आणि ते गायले, नेहमीपेक्षा हळुवार. दोन दिवसांनी शेवटच्या शब्दांना लेनन आणि मॅकार्टनी यांचे आवाज जोडले गेले. ‘लेडी मॅडोना’चे बरेच काम त्याच आठवड्यात झाले. लेनन यांचे ‘अॅक्रॉस द युनिव्हर्स’ही त्याच दिवसांत मुद्रित झाले होते, पण त्यांचे त्यावर समाधान होईना. अशा रीतीने मागची बाजू हॅरिसन यांच्या वाट्याला आली. १५ फेब्रुवारीला हॅरिसन आणि लेनन ऋषिकेशला निघाले. रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा ते दोघे गंगेकाठी महर्षी महेश योगींच्या आश्रमात होते.

स्वागत बेताचेच झाले. ‘लेडी मॅडोना’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या क्रमांकावर पोचली. त्या काळी अमेरिकेत मागच्या बाजूचीही वेगळी गणना होई. ‘द इनर लाइट’ तिथे ९६ व्या क्रमांकावर एक आठवडा टिकले आणि नाहीसे झाले. ‘लेडी मॅडोना’साठी प्रसिद्धीची फिल्म निघाली, याच्यासाठी निघाली नाही. बीटल्सच्या त्या काळातल्या कुठल्याही अल्बममध्येही ते घेतले गेले नाही. ज्याच्याकडे ती छोटी तबकडी नसेल, त्याला ते ऐकायला मिळण्याची शक्यता कमी. ब्रिटनमध्ये १९७८ च्या ‘रॅरिटीज’ संकलनात ते आले आणि सहज उपलब्ध झाले ते १९८८ च्या ‘पास्ट मास्टर्स’मुळे. म्हणजे वीस वर्षे ते रेकॉर्ड जमवणाऱ्यांचे गाणे राहिले.

मुंबईच्या बाकीच्या कामाचे नशीब थोडे बरे. ‘वंडरवॉल म्युझिक’ हा बीटल्सच्या अॅपल कंपनीचा पहिला अल्बम ठरला (नोव्हेंबर १९६८). त्याच्या वेष्टनावर वादकांची नावे आहेत: सरोद आशीष खाँ, तबला-पखवाज महापुरुष मिश्र, संतूर शिवकुमार शर्मा, बासरी एस. आर. केंकरे, तारशहनाई विनायक व्होरा, पेटी आणि तबलातरंग रिजराम देसाड. सनईवादक तेवढे शरद आणि हनुमान असे नुसत्या नावांनी उरले. पुढच्या लेखकांनी त्यांची आडनावे निरनिराळी दिली. सिंगलच्या लेबलवर यांपैकी कुणाचाही उल्लेख नव्हता. परिणामी गाण्यातली बासरी केंकरे यांची की हरिप्रसाद चौरसिया यांची, यावर आजही पुस्तकापुस्तकांत मतभेद आहेत. ज्या गाण्याचा प्रत्येक सूर हातांनी वाजवलेला, त्याच्या वाजवणाऱ्यांबद्दल ही संदिग्धता राहावी, हा त्या काळच्या रेकॉर्ड-व्यवसायाचा दोष. मुंबईच्या चित्रपटसंगीतातले वादक तर तो पिढ्यान्‌पिढ्या सोसत आले.

मुंबईच्या वादकांकडे रॉकवाले पुन्हा आले. १९७२ मध्ये ‘लेड झेपेलिन’चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही आपली गाणी इथल्या वादकांसह मुद्रित केली. ती फीत अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडले.

गाण्याचे आणि अल्बमचे नाव मात्र भलतीकडे फिरले. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अमेरिकी मालिकेचा १ जून १९९२ रोजी दाखवलेला ‘द इनर लाइट’ हा भाग याच गाण्यावरून नाव घेतो. त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला, आणि योगायोग असा की त्याच्या कथेतही एक बासरी महत्त्वाची आहे. ‘ओएसिस’च्या १९९५ मधल्या ‘वंडरवॉल’चे शीर्षक हॅरिसन यांच्या त्या अल्बमवरून आलेले. हॅरिसन यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, २९ नोव्हेंबर २००२ रोजी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जेफ लिन आणि अनुष्का शंकर यांनी ‘द इनर लाइट’ सादर केले. २०१४ मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’च्या नव्या आवृत्तीत गाण्याचे नुसते वाद्यसंगीत देण्यात आले आणि २०१८ मध्ये ‘व्हाइट अल्बम’च्या पन्नाशीच्या संचात वाद्यसंगीताचा आणखी एक टेक निघाला.