एकाच पत्त्याची दोन खोकी

माझी थोरली बहीण कोकणातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. २०१६ साली एका संध्याकाळी तिचा फोन आला. "अरे, दोन्ही डब्यांचे दिवे हिरवे आहेत, मग इंटरनेट का येत नाही?" शाळेत टेलिफोनच्या तारेवर चालणारा सहा-सात वर्षांचा मोडेम होता. एका माजी विद्यार्थ्याने नवा बिनतारी राउटर भेट दिला. प्रयोगशाळेतल्या मामांनी तो पत्रकात दाखवल्याप्रमाणे जोडला आणि तेव्हापासून सगळेच बंद. मुलांची माहिती ऑनलाइन भरायची मुदत चार दिवसांवर आलेली. दुकानदार म्हणे, मोडेम जळला, नवा घ्या. शाळेत बोलले जाई की तो मामांनीच जाळला.

मोडेम शाबूत होता आणि मामांची जोडणीही बरोबर होती. मग बिघडले कुठे? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी टाकलेली. संगणकाचे शून्य आणि एक तिच्यावरून पाठवायचे तर आधी त्यांचे सूर करायला हवेत आणि पलीकडे त्या सुरांचे पुन्हा अंक. मोडेम करतो ते एवढेच. अमेरिकेत १९६२ साली आलेला 'बेल १०३' हा मोडेम एका टोकाकडून १०७० आणि १२७० हर्ट्झ असे दोन सूर वापरी, तर दुसऱ्या टोकाकडून २०२५ आणि २२२५. सुरांच्या जोड्या वेगळ्या असल्याने दोघांना एकाच तारेवर एकाच वेळी बोलता येई. वेग होता सेकंदाला ३०० बिट. १९९८ पर्यंत हा वेग ५६,००० च्या घरात पोहोचला. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हा ज्यांनी ते घेतले त्यांना जोडणी होताना येणारी ती किरकिर आठवत असेल. दोन मोडेम आपल्याला कोणता वेग झेपेल हे आपापसांत ठरवत असत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या मोडेमला स्वतःचा पत्ता नव्हता. तो दुभाषा होता. पत्र कोणाचे, कोणाला, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

पत्ते वाचून संदेश पुढे धाडणारे यंत्र म्हणजे राउटर. त्याचा पूर्वज १९६९ साली अमेरिकेतल्या 'अर्पानेट' या जाळ्यात बसवला गेला. १ जानेवारी १९८३ रोजी त्या जाळ्याने आजची पत्तापद्धत स्वीकारली. प्रत्येक पत्ता ३२ बिटांचा. म्हणजे एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, ४,२९,४९,६७,२९६. त्या काळी एवढे पत्ते कधी संपतील असे कोणाला वाटले असते? पण दहा वर्षांतच टंचाईची चिन्हे दिसू लागली.

तोडगा दोन टप्प्यांत निघाला आणि मला तो फार आवडतो, कारण तो आपल्या शाळांच्या कार्यालयात आधीपासून होता. शाळेचे कोणतेही पत्र बाहेर जाताना शाळेच्या एकाच पत्त्यावरून जाते. लिहिले कोणी, हे जावक नोंदवहीत असते. त्या जावक क्रमांकाचा संदर्भ देऊन उत्तर आले की लिपिक नोंद पाहून ते नेमक्या शिक्षकाकडे देतो. १९९४ साली एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी राउटरने नेमके हेच काम करावे असे सुचवले. मग १९९६ च्या फेब्रुवारीत काही पत्ते 'घरातल्या घरात वापरण्याचे' म्हणून पक्के केले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते त्यांतलेच. हे पत्ते कोणीही वापरावेत, कोणाला विचारू नये. चाळीत खोली नंबर १ असते आणि शेजारच्या चाळीतही असते, तशातली गोष्ट.

याच सुमारास मोडेमही बदलत होता. एडीएसएल तंत्राने त्याच तांब्याच्या तारेवर, आवाजाच्या बऱ्याच वर, ११०० किलोहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरात आणला. फोन आणि इंटरनेट एकदम चालू लागले. बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा २००५ च्या जानेवारीत सुरू झाली. सुरुवातीला असे मोडेम दुभाषेच होते. नाव आणि परवलीचा शब्द संगणकावरच द्यावा लागे. पण घरात दुसरा, तिसरा संगणक आला. मग उत्पादकांनी मोडेमच्याच खोक्यात छोटा राउटर बसवला आणि नाव मात्र मोडेमच राहिले. माझ्या मते सगळ्या घोटाळ्याचे मूळ या नावात आहे.

कारण शाळेत आता एक मोडेम आणि एक राउटर नव्हते, दोन राउटर होते. अनेक कंपन्या कारखान्यातच राउटरला १९२.१६८.१.१ हा पत्ता देतात. या दोघांनाही तोच मिळालेला. नव्या राउटरच्या दृष्टीने आतली चाळ आणि बाहेरची चाळ यांचे नंबर सारखेच. बाहेर जाणारे पत्र त्याने खोली नंबर १ कडे द्यायचे, तर ती खोली तो स्वतःच! दिवे हिरवे होते, कारण दिवे तारेची जोडणी सांगतात, पत्त्याबद्दल काही सांगत नाहीत.

उत्तम उपाय म्हणजे मोडेममधला राउटर निजवून त्याला पुन्हा नुसता दुभाषा करणे आणि नाव, परवलीचा शब्द नव्या राउटरला देणे. पण तो शब्द लिहिलेला कागद शाळेत कोणालाच सापडेना. म्हणून दुसरा मार्ग घेतला. ताईने एक संगणक तारेने थेट मोडेमला जोडला, ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला आणि मी फोनवरून सांगत गेलो तसे तिने १ च्या जागी २ केले: १९२.१६८.२.१. दोन्ही खोकी बंद करून पुन्हा चालू केली. आता पत्र दोन जावक नोंदवह्यांतून जाते, थोडा द्राविडी प्राणायाम आहे. पण माहिती भरण्यासारख्या कामाला त्याने काही अडत नाही.

तांब्याच्या तारेची जागा काचतंतू घेत आहे, तरी घरी बसवून मिळणाऱ्या नव्या खोक्यातही बहुधा राउटर असतोच. तुमच्या शाळेत असे काही झाले, तर दोन्ही खोकी उलटी करून खालच्या चिठ्ठीवरचा पत्ता आधी वाचा.

माहिती मुदतीत भरून झाली. पुढच्या सुट्टीत मी शाळेत गेलो, तेव्हा मामांनी दोन्ही खोक्यांवर पांढरी चिकटपट्टी लावून ठळक अक्षरांत पत्ते लिहिले होते. खाली तारीख आणि स्वतःची सही.