9 वाजून 33 मिनिटं

5 मे 1983, मध्यरात्रीनंतर. मायामी विमानतळ. ईस्टर्न एअर लाइन्सचं तीन इंजिनांचं लॉकहीड एल-1011 देखभालीसाठी उभं आहे. रात्रपाळीच्या दोन मेकॅनिकांकडे नेहमीचं काम आहे: प्रत्येक इंजिनातला चिप डिटेक्टर बदलायचा. हा इंजिनाच्या तेलात राहणारा लहानसा लोहचुंबक. इंजिन आतून झिजायला लागलं की धातूचा चुरा त्याला चिकटतो आणि दुखणं वेळेत कळतं.

डिटेक्टर एरवी फोरमनच्या खोलीतल्या कपाटात तयार मिळतात, गळती रोखणाऱ्या रबरी ओ-रिंगा चढवलेले. आज कपाटात एकही नाही. एक जण स्टोअरमधून आणतो. पाकिटावर ‘वापरण्यायोग्य’ अशी चिठ्ठी आहे. आतल्या डिटेक्टरला ओ-रिंगा नाहीत. कोणी बघत नाही, कारण आजवर बघावं लागलेलं नाही.

जागा अडचणीची आहे, उजेड कमी. डिटेक्टर हाताच्या अंदाजानं बसवले जातात. कामाच्या कार्डावर नव्या ओ-रिंगा बसवायची स्पष्ट सूचना आहे. तिच्यापुढे सही होते.

मग गळतीची तपासणी. इंजिनं स्टार्टरवर साधारण 10 सेकंद फिरवतात. थेंबसुद्धा दिसत नाही. गाडीच्या नव्या ऑइल फिल्टरची रबर सील नीट बसली नसेल, तरी गॅरेजमधली फरशी अशीच कोरडी राहू शकते. तेलावर दाब येऊन इंजिन चालत राहिलं, की मगच ते वाट काढतं. 10 सेकंदांत ते कळणार नव्हतं.

चिप डिटेक्टरच्या ओ-रिंगांवरून या कंपनीत याआधी 12 प्रसंग घडले होते. ते एकत्र मांडून त्यांचा अर्थ लावण्यात व्यवस्थापन कमी पडलं, असं पुढे चौकशी अहवालात नोंदवलं गेलं. माझ्या मते त्या रात्रीच्या सहीपेक्षा हे 12 प्रसंग जास्त गंभीर आहेत.

सकाळी 8.56. उड्डाण. बहामाजमधल्या नासाऊकडे. 162 प्रवासी, 10 कर्मचारी.

9.15. नासाऊसाठी उतरताना, 15,000 फुटांवर, शेपटातल्या 2 नंबरच्या इंजिनाचा तेलाचा दाब कमी झाल्याचा दिवा लागतो. इंजिन बंद केलं जातं. नासाऊ जवळ आहे, तरी कॅप्टन मायामीला परतायचं ठरवतात.  विमान पुन्हा वर चढू लागतं.

परतीच्या वाटेवर 1 आणि 3 नंबरचेही दिवे लागतात. कॉकपिटमध्ये आधी शंका येते ती काट्यांवर. तीन स्वतंत्र इंजिनांचं तेल एकाच वेळी संपेल कसं? इंजिनं स्वतंत्र होती. पण त्यांच्यावर काम एकाच रात्री झालं होतं, त्याच जोडीकडून, त्याच पद्धतीनं. एकाच्या चुकीतून दुसऱ्यानं वाचवावं म्हणून तीन इंजिनं असतात. ती सोय विमान जमिनीवर असतानाच संपली होती.

9.28. उंची 16,000 फूट. 3 नंबरचं इंजिन बंद पडतं.

9.33. 2 नंबर पुन्हा सुरू करायची धडपड चालू असतानाच 1 नंबरही बंद पडतं. आता एकही इंजिन चालू नाही. उंची सुमारे 13,000 फूट, खाली समुद्र.

प्रवाशांना लाइफ जॅकेट घालायला सांगितलं जातं. विमान पाण्यावर उतरवण्याची तयारी सुरू होते. तटरक्षक दलाला कळवलेलं आहे. 12,000 फूट. 10,000. 8,000. 6,000.

सुमारे 4,000 फूट. सगळ्यात आधी बंद केलेलं 2 नंबरचं इंजिन सुरू होतं.

9.46. त्या एका इंजिनावर विमान मायामीच्या धावपट्टीवर टेकतं. 172 माणसं आहेत. कोणालाही इजा नाही.

नंतर तिन्ही इंजिनं तपासली गेली. डिटेक्टर जागच्या जागी होते. ओ-रिंग एकालाही नव्हती.