४.१८ हा आकडा आला कुठून?

विद्युतधारेचा औष्णिक परिणाम शिकवताना फळ्यावर एक सूत्र येते: धारेचा वर्ग, गुणिले रोध, गुणिले काळ आणि या सगळ्याला भागिले ४.१८. उत्तर कॅलरीत मिळते. मुले सूत्र पाठ करतात, उदाहरणेही बिनचूक सोडवतात. एखादाच विद्यार्थी विचारतो, ‘सर, बाकीचं सगळं कळलं, पण हे ४.१८ कुठून आलं?’

‘एक कॅलरी म्हणजे ४.१८ ज्यूल’ हे आपले नेहमीचे उत्तर. ते खरे आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. एक फूट म्हणजे बारा इंच, तशातलाच हा प्रकार असावा असे मुलांना वाटते. फूट आणि इंच ही दोन्ही लांबीचीच मापे. बाराचा आकडा माणसांनी आपसात ठरवला. ४.१८ मात्र कोणी ठरवला नाही. तो मोजावा लागला. आणि मोजण्याआधी, उष्णता आणि कार्य या दोन वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टींमध्ये असा काही ठरावीक भाव असू शकतो, हेच मुळात मान्य करून घ्यावे लागले. त्यात एका माणसाची उमेदीची दहा वर्षे गेली.

जस्त महाग की कोळसा?

जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा जन्म इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड गावी २४ डिसेंबर १८१८ रोजी झाला. घरचा बिअरचा मोठा कारखाना होता. प्रकृती नाजूक असल्याने शिक्षण घरीच झाले. अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन यांच्याकडे ज्यूल आणि त्यांचा भाऊ काही काळ शिकायला जात. विद्यापीठाची पदवी ज्यूल यांनी कधीच घेतली नाही.

१८३० नंतरच्या दशकात विद्युतचुंबकावर चालणाऱ्या मोटारींची युरोपभर हवा होती. वाफेच्या इंजिनाची जागा आता ही मोटार घेणार, अशी अनेकांना आशा होती. तरुण ज्यूलही त्यांत होते. १८३८ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी आपल्या मोटारीवर पहिला लेख लिहिला. पण ते कारखानदाराचे चिरंजीव होते. यंत्र चालते की नाही एवढ्यावर न थांबता ते किती खर्चात किती काम करते, हेही ते पाहत.

त्या वेळी वीज मिळायची घटातून, आणि घटात जस्त खर्ची पडायचे. १८४१ साली ज्यूल यांनी हिशेब मांडला. एक पौंड जस्त खर्चून त्यांची मोटार जे कार्य करी, ते फार तर ३,३१,४०० पौंड वजन एक फूट उचलण्याइतके होते. कॉर्नवॉलच्या खाणींतील उत्तम वाफेची इंजिने एक पौंड कोळशात सुमारे १५,००,००० पौंड वजन एक फूट उचलत. जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग, आणि काम मात्र पाचव्या हिश्श्याच्या जवळपास! मोटारीचे स्वप्न तिथेच मावळले. पण ‘किती खर्च केले आणि त्याच्या बदल्यात काय मिळाले’ हा प्रश्न ज्यूल यांनी सोडला नाही.

तारेतली उष्णता कुठून येते?

मोटारीच्या तारा तापतात, म्हणजे काहीतरी वाया जाते. किती? हे शोधण्यासाठी ज्यूल यांनी १८४० साली काचेच्या नळीवर तार गुंडाळली, ती पाण्याच्या भांड्यात बुडवली, ठरावीक वेळ धारा सोडली आणि पाण्याचे तापमान किती वाढले ते पाहिले. उष्णता धारेच्या वर्गाच्या आणि रोधाच्या समप्रमाणात निघाली. आपण ‘ज्यूलचा नियम’ म्हणून शिकवतो तो हाच. रॉयल सोसायटीने त्या निबंधाचा फक्त सारांश छापला. पूर्ण निबंध १८४१ साली दुसऱ्या नियतकालिकात आला.

आता प्रश्न असा, की ही उष्णता आली कुठून? त्या काळी प्रचलित मत असे होते, की उष्णता म्हणजे ‘कॅलॉरिक’ नावाचे सूक्ष्म, वजनरहित द्रव्य. ते एका वस्तूतून दुसऱ्या वस्तूत वाहते, पण नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. १७९८ साली काउंट रम्फर्ड यांनी म्युनिकच्या कारखान्यात तोफांना भोक पाडताना निघणारी उष्णता संपतच नाही, हे दाखवून या मताला धक्का दिला होता. तरीही कॅलॉरिक टिकून होते. त्यावर आधारलेली गणिते अनेक ठिकाणी बरोबर उत्तरे देत, हे त्याचे मुख्य कारण. फ्रान्सच्या सादी कार्नो यांनी १८२४ साली वाफेच्या इंजिनाचा जो मूलगामी सिद्धांत मांडला, तोही कॅलॉरिक गृहीत धरूनच.

घटाला जोडलेल्या तारेबाबत कॅलॉरिकवाद्यांना उत्तर देता येत होते: उष्णता घटातून निघाली आणि तारेत आली! म्हणून ज्यूल यांनी १८४३ साली घटच काढून टाकला. एक लहान विद्युतचुंबक त्यांनी पाणी भरलेल्या काचेच्या नळीत बसवला आणि ती नळी मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरवली. म्हणजे हे छोटे जनित्रच झाले. कॅलॉरिक जर नुसतेच एका जागेहून दुसऱ्या जागी जात असेल, तर परिपथाचा एखादा भाग तापताना दुसरा भाग गार व्हायला हवा. तसे काहीच झाले नाही. वेटोळ्यात निर्माण होणाऱ्या धारेने ते वेटोळेच तापले. उष्णता कुठून आणलेली नव्हती. ती तिथेच उत्पन्न झाली होती. आणि तिच्यासाठी जे खर्ची पडले, ते होते चाक फिरवण्याचे कार्य.

मग ज्यूल यांनी चाक हाताऐवजी दोरीला बांधलेल्या, खाली उतरणाऱ्या वजनांनी फिरवले. म्हणजे कार्यही मोजता आले. एक पौंड पाण्याचे तापमान एक अंश फॅरनहाइटने वाढवायला सरासरी ८३८ फूट-पौंड कार्य लागते, असे उत्तर निघाले. प्रत्येक प्रयोगाचे आकडे मात्र खूप विखुरलेले होते. काही ६०० च्या खाली, तर काही १००० च्या वर. ऑगस्ट १८४३ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी हे वाचून दाखवले. फारसे कोणी लक्ष दिले नाही.

एकच भाव, अनेक वाटा

आकडे इतके विखुरलेले असताना विश्वास कसा बसावा? ज्यूल यांनी यावर शोधलेला उपाय आपण शिक्षकांनी नीट पाहण्यासारखा आहे. एकच प्रयोग अधिक काटेकोर करीत बसण्याऐवजी ते त्याच प्रश्नाकडे निरनिराळ्या वाटांनी गेले. पाणी बारीक छिद्रांतून दाबून ढकलले, तेव्हा उत्तर आले ७७०. हवा पंपाने दाबून तापवली, तेव्हाही उत्तर आठशेच्या आसपास. मग आला तो पाठ्यपुस्तकातला प्रसिद्ध वल्ह्यांचा प्रयोग: पाण्यात पाती असलेली दांडी फिरवायची आणि पाणी नुसते घुसळून तापवायचे. पुढे पाण्याऐवजी पारा घेतला. लोखंडावर लोखंड घासूनही पाहिले.

१८५० साली प्रसिद्ध झालेल्या वल्ह्यांच्या प्रयोगाचे आकडे पाहू. प्रत्येकी सुमारे १३ किलोग्रॅमची दोन शिशाची वजने, उतार सुमारे १.६ मीटर. वजने वर घ्यायची, पुन्हा सोडायची, असे वीस वेळा. म्हणजे एकूण ३२ मीटर. वजने अगदी सावकाश उतरत, त्यामुळे गतीत फारसे काही अडकत नसे. कप्प्यांचे घर्षण वगैरे वजा जाता पाण्यावर झालेले कार्य सुमारे ८,२२० ज्यूल. पाणी सुमारे ६ किलोग्रॅम. भांडे आणि पाती तापायला लागलेली उष्णता धरून हिशेबाला ६.३ किलोग्रॅम. आणि एवढ्या खटाटोपातून तापमानात वाढ किती? जेमतेम ०.३१३ अंश सेल्सिअस! म्हणजे सुमारे १,९७५ कॅलरी. भागाकार करून पाहा: ४.१६ येतो.

हे चाळीस वेळा करायचे, आणि दर वेळी खोलीच्या हवेने पाण्याला किती तापवले किंवा निववले, तेही स्वतंत्र मोजून वजा करायचे. त्यासाठी मँचेस्टरचे उपकरणकार डान्सर यांनी ज्यूल यांच्याबरोबर खास तापमापी तयार केले. त्यांवर एका अंश फॅरनहाइटचा दोनशेवा भाग वाचता येई. १९९० च्या दशकात ओटो सिबम या अभ्यासकाने हा प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा वजने वर ओढणाऱ्या माणसाच्या अंगाच्या उष्णतेनेही खोलीचे तापमान बिघडते असे आढळले. बिअरच्या कारखान्यात तापमान सांभाळण्याची जी नजर लागते, ती ज्यूल यांच्या कामी आली असावी, असे त्यांचे म्हणणे. पाणी, पारा आणि लोखंड या तिन्हींची उत्तरे आता ७७२ ते ७७५ च्या दरम्यान आली. ज्यूल यांनी ७७२ हा आकडा स्वीकारला.

तोवर लोकांचे लक्षही वळले होते. जून १८४७ मध्ये ऑक्सफर्डच्या अधिवेशनात अध्यक्षांनी ज्यूल यांना निबंध न वाचता थोडक्यात सांगा, असे सुचवले. विषय तिथेच संपायचा, पण विल्यम थॉमसन हे तेवीस वर्षांचे प्राध्यापक उठले आणि त्यांच्या बोलण्याने सभेत जाग आली. थॉमसन म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन. त्यांना पटले मात्र नव्हते, कारण कार्नो यांचा सिद्धांत त्यांना सोडवत नव्हता. उष्णतेचे कार्य होते हे ज्यूल यांचे म्हणणे आणि उष्णतेला उतार लागतो हा कार्नो यांचा मुद्दा, या दोहोंची सांगड घालायला थॉमसन यांना आणखी तीन-चार वर्षे लागली. जर्मनीत रॉबर्ट मायर या डॉक्टरने १८४२ सालीच वेगळ्या वाटेने हा भाव काढला होता, आणि हेल्महोल्ट्झ यांनी १८४७ मध्ये अक्षय्यतेचा नियम गणिताने मांडला. या साऱ्यांतून आपला ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम उभा राहिला.

वर्गात याचे काय करायचे?

ज्यूल प्रयोग करीत होते तेव्हा ‘ऊर्जा’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ नव्हता. आधी भाव सापडला, मग त्याला नाव मिळाले. आपण उलट करतो. ‘कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा’ ही व्याख्या आधी देतो, आणि ऊर्जा ‘वाहते’, ‘साठते’, ‘संपते’ असे बोलतो. मुलांच्या मनात मग एक अदृश्य द्रव्य उभे राहते. दुसऱ्या शब्दांत, कॅलॉरिकच! ऊर्जा अक्षय्य असते हे डोळ्यांना दिसत नाही. विजेने तापवा, घुसळून तापवा की घासून तापवा, हिशेबात तोच आकडा येतो, हाच त्याचा पुरावा.

नव्या पद्धतीत हा पुरावा आणखी झाकला गेला आहे. १९४८ साली उष्णतेचे एकक म्हणूनही ज्यूल स्वीकारले गेले. ते सोयीचेच झाले. पण सूत्रातला ४.१८ गेला आणि पाण्याच्या विशिष्ट उष्माधारकतेत जाऊन बसला. तो आता केवळ पाण्याचा गुणधर्म वाटतो.

एक सोपा प्रयोग वर्गात होण्यासारखा आहे. एक मीटर लांबीच्या पुठ्ठ्याच्या नळीत शिशाचे छर्रे घ्या, दोन्ही तोंडे बुचांनी बंद करा आणि नळी पन्नास वेळा झटकन उलटी करा. छर्ऱ्यांचे तापमान आधी आणि नंतर मोजा. सगळी ऊर्जा छर्ऱ्यांतच राहिली, तर वाढ ३.८ अंश सेल्सिअस यायला हवी. प्रत्यक्षात ती कमी येईल. उरलेली कुठे गेली, हे मुलांनाच शोधू द्या. छर्रे किती घेतले याने उत्तर का बदलत नाही, हेही विचारा. (शिसे विषारी आहे, नंतर हात धुवायला लावावेत.) प्रयोग शक्य नसेल तर गिरसप्प्याच्या धबधब्याचे गणित घाला. पाणी २५३ मीटर खाली पडते. सगळ्या ऊर्जेची उष्णता झाली तर ते ०.५९ अंशाने तापेल. ज्यूल स्वतः १८४७ साली लग्नानंतरच्या प्रवासात आल्प्समधल्या एका धबधब्याचे तापमान मोजायला गेले होते. तुषार इतके उडत होते, की मोजमाप जमले नाही.

११ ऑक्टोबर १८८९ रोजी ज्यूल वारले. १८७८ साली त्यांनी मोजमाप शेवटचे सुधारले होते: ७७२.५५. आजचा आकडा सुमारे ७७८ आहे, म्हणजे फरक एक टक्क्याहूनही कमी. त्यातला काही भाग पाऱ्याच्या तापमापीच्या मोजपट्टीमुळे होता, हे १८७९ च्या सुमारास अमेरिकेत हेन्री रोलँड यांनी दाखवले. मँचेस्टरजवळच्या सेल येथे ज्यूल यांच्या थडग्यावर ७७२.५५ हाच आकडा कोरलेला आहे. विद्यार्थ्याने ४.१८ चा प्रश्न विचारला तर त्याला तो आकडा सांगावा, आणि मग दोघांनी मिळून एककांचे रूपांतर करून ४.१६ काढून पाहावे.